पुरा एक मोसम

मुलगा शून्यावर बाद झाला की घरातले म्हणतात, "जाऊ दे, पुढच्या सामन्यात करशील." मुलगी शून्यावर बाद झाली की म्हणतात, "आता पुरे झालं." ही दोन्ही वाक्ये मी आमच्याच घरात ऐकली आहेत. माझी दोन्ही मुले क्रिकेट खेळतात.

मुलगी जिल्ह्याच्या संघात सलामीला जाते. २०२४ च्या हिवाळ्यात ती दहावीत होती आणि लागोपाठ तीन सामन्यांत तिच्या धावा झाल्या नाहीत. तिच्या फुफीने तर विचारलेच, "आपल्या मुलींनी हे खेळून करायचं काय?" मी नूशीन अल खदीर यांचे नाव सांगितले. त्या भारताकडून आणि रेल्वेकडून खेळल्या आणि २०२३ मध्ये एकोणीस वर्षांखालील मुलींनी पहिला विश्वचषक जिंकला तेव्हा त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या. फुफी गप्प बसली, पण मुलीने बॅट कपाटावर ठेवली ती ठेवलीच.

त्याच डिसेंबरात महिलांची वरिष्ठ एकदिवसीय स्पर्धा चालू होती. राज्याराज्यांचे संघ खेळतात, पण प्रेक्षक मोजकेच असतात. मुलीचे अब्बा रात्री जेवताना मोबाइलवर धावफलक वाचून दाखवत. शफाली वर्माला भारताच्या एकदिवसीय संघातून वगळले होते. ती हरियाणाकडून खेळत होती. २३ डिसेंबरला राजकोटमध्ये बंगालविरुद्ध तिने ११५ चेंडूंत १९७ धावा केल्या. हरियाणाच्या ३८९ झाल्या. तरी बंगालने त्या पार केल्या. तनुश्री सरकारने शतक ठोकले.

"अम्मी, एवढं करूनही हरली?" मुलीने विचारले. बऱ्याच दिवसांनी ती क्रिकेटवर बोलत होती.

पुढे अंतिम सामन्यात मध्य प्रदेशने बंगालला हरवून पहिल्यांदाच ही स्पर्धा जिंकली. शफालीच्या १९७ धावांनी मात्र लगेच दार उघडले नाही. २०२५ च्या विश्वचषकाच्या मूळ संघातही तिचे नाव नव्हते. प्रतिका रावल जखमी झाली, तेव्हा तिला बोलावणे आले. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत अंतिम सामन्यात तिने ८७ धावा केल्या आणि दोन बळीही घेतले.

आमची मुलगी शफाली नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्या जानेवारीत आम्ही तिघांनी बसून ठरवले: परीक्षेपर्यंत सराव फक्त रविवारी, त्यानंतर पुरा एक मोसम. तो संपेपर्यंत खेळ सोडण्याची गोष्ट कोणी काढायची नाही, फुफीनेही नाही.

दहावी चांगल्या गुणांनी पार पडली. मोसमात तिची सर्वांत मोठी खेळी ४१ धावांची. राज्याच्या निवड चाचणीत नाव लागले नाही. त्या संध्याकाळी ती रडली आणि दुसऱ्या दिवशी फजरनंतर स्वतःच किट उचलून मैदानावर गेली. खेळायचे की नाही, हे आता ती ठरवते.

बहिणींनो, मुलीला मोठी खेळाडू करणे आपल्या हातात नाही. मुलाला जेवढे डाव हरू देतो, तेवढे तिलाही हरू देणे मात्र आपल्या हातात आहे. त्याला ना पैसा लागतो, ना ओळख. फक्त ती घरी आल्यावर "आता पुरे" हे शब्द ओठांवर येऊ द्यायचे नाहीत.