आभाळ भरले, पाळणे थांबले!

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन बंगळूरजवळच्या एका मनोरंजन उद्यानात गेलो. आत पाहतो तर उंच पाळणे बंद! धाकटीचा चेहराच उतरला. कारण खरे होते. बंगळूरला नैऋत्येचा पाऊस सरला तरी ऑक्टोबरात ईशान्येचे वारे सरी आणतात; विजा चमकू लागल्या की उंच पाळणे थांबवावेच लागतात. पण तिकीटखिडकीवर खडूने दोन ओळी लिहायला काय हरकत होती? चौघांचे पूर्ण पैसे मात्र मोजून घेतले!

दुसऱ्या दिवशी कस्तुरबा रस्त्यावरचे विश्वेश्वरय्या संग्रहालय गाठले. पुण्यात शिकलेले, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे तेच हे विश्वेश्वरय्या. बटण दाबले की इथली यंत्रे फिरतात. धाकटी तिथून हलेचना!