जमीन कोणाची, पैसा कोणाचा

सोमवार, २ जून २०२५, सिंगापूर
ली क्वान यू स्कूल ऑफ पब्लिक पॉलिसीच्या बुकित तिमा आवारात आज अभ्यासदौऱ्याचा पहिला दिवस. तुकडीत एमबीएवाले आणि आम्ही धोरणवाले एकत्र. ही सरमिसळ मला सगळ्या कार्यक्रमातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. ते विचारतात, पैसा कुठून आला? आम्ही विचारतो, तो कोणाच्या खिशातून गेला? इथल्या दोन आठवड्यांत हे दोन्ही प्रश्न सगळ्यांच्याच तोंडी बसले तरी पुष्कळ झालं.

बुधवार, ४ जून
तोआ पायोहला एचडीबीच्या मुख्यालयात. १९६० साली स्थापन झालेलं हे गृहनिर्माण मंडळ. आज देशातले सुमारे ऐंशी टक्के रहिवासी त्याने बांधलेल्या घरांत राहतात. नमुन्याचा फ्लॅट पाहिला. कोठीच्या खोलीचं दार जाड, पोलादी. हवाई हल्ला झालाच तर कुटुंबाने तिथे आसरा घ्यायचा. आईने तिथे वर्षाचे तांदूळ भरले असते.

मी मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. १६० चौरस फुटांची खोली, संडास मजल्याच्या टोकाला. इथल्या हिशेबाने ‘चार खोल्यांचा’ फ्लॅट नव्वद चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या सहा बिऱ्हाडांची जागा. सगळे फोटो काढत होते. मला मात्र एवढंच विचारायचं होतं की हे जमवलं कसं. तासाभराच्या सादरीकरणात त्याचं उत्तर नव्हतं.

शुक्रवार, ६ जून
उत्तर आज वर्गात मिळालं. सगळा तास भूसंपादनावर गेला आणि इथे आल्याचं सार्थक झालं.

१९६६च्या कायद्याने सरकारला खाजगी जमीन घेण्याचे व्यापक अधिकार दिले. पुढे भरपाई ३० नोव्हेंबर १९७३च्या भावावर गोठवली. बाजार कितीही चढला तरी मालकाच्या हाती जुनाच भाव. ही तारीख नंतर अधूनमधून पुढे सरकवली, पण पूर्ण बाजारभाव मिळू लागला तो २००७ पासून. दुसरा आधार सीपीएफचा, म्हणजे त्यांच्या भविष्य निर्वाह निधीचा. पंचावन्नच्या आतल्या नोकरदाराच्या पगारातून वीस टक्के कापले जातात, नोकरी देणारा सतरा टक्के भरतो, आणि १९६८ पासून ही रक्कम घरासाठी वापरता येते. थोडक्यात, लोकांनी घरं घेतली ती सक्तीच्या बचतीतून, आणि तीही ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने.

शेजारी बसलेल्या एमबीएवालीने कागदावर आकडे मांडून दाखवले: जमीन स्वस्त नसती तर गणित बसलंच नसतं. मग या स्वस्ताईची किंमत भरली कोणी? ज्यांची जमीन गेली त्यांनी. आपला २०१३चा भूसंपादन कायदा शहरात बाजारभावाच्या दुप्पट आणि ग्रामीण भागात चौपटीपर्यंत भरपाई देतो, आणि तो मला योग्यच वाटतो. पण बीडीडी चाळींची जमीन तर सरकारचीच! तिथे पुनर्विकासात आम्हाला ५०० चौरस फुटांचं घर मोफत मिळायचं आहे आणि त्याचा खर्च शेजारी विकायला उभ्या राहणाऱ्या टॉवरमधून निघायचा आहे. म्हणजे आमचं घर बाजारभावावर टांगलेलं. इथल्यासारखा बचतीचा पाया रचण्याचा विचार मुंबईत का झाला नाही, यावर प्रबंध लिहायचं मी आज ठरवलं.

रविवार, ८ जून
सुट्टी. एकटाच लिटल इंडियात गेलो. रविवारी इथे तमिळ आणि बांगलादेशी मजुरांची एवढी गर्दी असते की फुटपाथवरून चालता येत नाही. एका बांगलादेशी तरुणाशी हिंदीत बोललो. तो एचडीबीच्याच साइटवर सळया बांधतो. मलेशियाचे सोडले तर बांधकामातल्या परदेशी मजुरांना या फ्लॅटमध्ये भाड्यानेही राहता येत नाही. त्यांच्यासाठी वेगळी वसतिगृहं. २०२०मध्ये इथले बहुतांश कोविड रुग्ण त्याच वसतिगृहांतले होते. त्याच्या खोलीत किती जण, असं विचारलं. “बारा,” म्हणाला, आणि घरून फोन आल्यावर उठून गेला.

आमच्या वेळापत्रकात या माणसासाठी एकही तास नाही. सिंगापूरचं घरांचं धोरण शिकायला येणाऱ्याने त्याला वगळणं मला मान्य नाही.

गुरुवार, १२ जून
गटाचं सादरीकरण झालं. मजुरांच्या निवाऱ्याचा भाग मी आग्रहाने घातला. परीक्षकांनी त्यावरच सर्वांत जास्त प्रश्न विचारले.

मनाला लागलेली एक गोष्ट लिहून ठेवतो. विमानाचं भाडं आणि इथलं शुल्क ज्याचं त्याने भरायचं होतं. मी शैक्षणिक कर्जातून भरलं. वर्गातल्या ज्यांना ते झेपलं नाही ते मागे राहिले, आणि त्यात प्रशासनात जाऊ पाहणारी, गावाकडून आलेली हुशार मुलं होती. असे अभ्यासदौरे काढणाऱ्या संस्थांनी त्यांच्यासाठी पूर्ण खर्चाच्या काही जागा राखून ठेवाव्यात. पुढच्या तुकडीला विनंती एवढीच: येण्याआधी एकच विषय धरा, त्याचा कायदा वाचून या, आणि रविवारी मॉलमध्ये न जाता लिटल इंडियात जा.