उसवण्याचा हिशेब

रंग बदलत जाणारा धागा हे विणणारीपुढचे मोठे प्रलोभन असते. एरवी पाच रंगांची शाल करायची तर पाच गुंडे आणावे लागतात, प्रत्येक रंगाच्या शेवटी धागा तोडावा लागतो, नवा जोडावा लागतो आणि सगळी टोके मागच्या बाजूला दडवावी लागतात. या धाग्यात ती खटपट आधीच उरकलेली असते. त्याचा एक प्रकार चार पदरी असतो. चारही पदर पीळ न देता नुसते शेजारी शेजारी ठेवलेले. राखी रंगाचे चार पदर बराच वेळ एकत्र चालतात. मग त्यांतला एक जातो आणि त्याच्या जागी निळा येतो. पुढे दुसरा, मग तिसरा. चौथा पदर बदलेपर्यंत राखीचा निळा केव्हा झाला हे डोळ्यांना उमगतही नाही. रंगाची सारी काळजी धाग्याने वाहिली आहे, आपण फक्त विणत जायचे, असा समज त्यामुळे सहज होतो. पुढच्या बहुतेक चुका याच समजातून जन्माला येतात.

सांगलीतील एका सराफी घराण्याच्या धाकट्या सुनेकडे असा एक गुंडा आला. दिराने तो परदेशातून आणला होता. सूत आणि ॲक्रिलिक यांचा मिलाफ, २२० ग्रॅम वजन, १००० मीटर लांबी. आत राखी, मग फिकट निळा, मोरपिशी, जांभळा आणि सर्वांत बाहेर डाळिंबी. प्रत्येक रंग सारख्याच वजनाचा. असा दुसरा गुंडा गावात मिळण्यासारखा नव्हता, म्हणून जे करायचे ते एवढ्यातच करायचे होते. तिने मनाशी ठरवले, की बेळगावला माहेरी आईसाठी शाल विणायची.

तिच्या वडिलांना जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. त्यानंतर आईने रंगीत पातळे एकेक करून कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिली होती. कोणी तिला तसे सांगितले नव्हते. तसे करू नकोस, असेही कोणी सांगितले नव्हते. लेकीने याचा विचार करूनच बेत आखला. विणायला आतल्या टोकापासून सुरुवात करायची, म्हणजे गळ्याशी आणि पाठीवर शांत राखी येईल, आणि डाळिंबी अगदी शेवटी, काठापुरता. आईला संकोच वाटायला नको.

घरात विणकामाच्या जाणकार म्हणजे सासूबाई. एके काळी घरातल्या प्रत्येक मुलाच्या अंगात त्यांच्या हातचा स्वेटर असे. काचबिंदूने नजर अधू झाल्यापासून सुया बाजूला पडल्या होत्या, पण हात विसरले नव्हते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, “अगं, आधी एक चौकोन विणून बघ. हात किती घट्ट चालतो ते कळेल.” सुनेला ते पटले नाही. स्वेटर अंगाला बसवायचा असतो. शालीला माप कशाला? तिने थेट टाके घातले. तीन संध्याकाळींनंतर जे तयार झाले ते हातात धरले तर पुठ्ठ्यासारखे ताठ उभे राहत होते. १० सेंटिमीटरमध्ये जिथे २२ टाके हवेत तिथे २८ बसले होते. शालीला माप नसले तरी झोत लागतो, अंगावर पडण्याची एक ढिलाई लागते. तिने ते उसवले, जाड सुई घेतली आणि मग निमूटपणे चौकोन विणला. त्याला तासभर लागला.

या त्रिकोणी शालीची रचना सोपी असते. मानेच्या मध्याशी मोजके टाके घालून आरंभ करायचा आणि दर दुसऱ्या ओळीत चार टाके वाढवायचे: दोन्ही कडांना एकेक, आणि मधल्या कण्याच्या दोन्ही अंगांना एकेक. बाकी सगळे सुलट. ओळ लांबत जाते आणि त्रिकोण खाली उतरत जातो. काम एकसुरी असल्यामुळे हात आपोआप चालतात आणि मन दुसरीकडे फिरू लागते. चूक नेमकी तिथे शिरते. एके रात्री सासूबाईंनी शाल मांडीवर ओढून घेतली, कण्यावरून बोट खाली आणले आणि थांबल्या.

“उजवीकडे कमी आहेत.”

“आई, तुम्हाला दिसलं?”

“दिसत नाही गं. हाताला लागतंय. कणा कलतोय.”

मोजले तेव्हा डावीकडे ६० टाके होते आणि उजवीकडे ५७. तीनदा वाढवायचे राहून गेले होते. पहिला टाका राहिला तेव्हा ओळीच्या शेवटी मोजले असते तर एकच ओळ मागे जावी लागली असती. आता चौदा ओळी उसवाव्या लागल्या. त्या दिवसापासून तिने दोन सवयी लावून घेतल्या. कण्यावर खुणेची कडी अडकवायची आणि वाढीच्या प्रत्येक ओळीनंतर दोन्ही बाजू मोजायच्या. शिवाय दर रंगाच्या आरंभी दुसऱ्या रंगाचा एक बारीक दोरा सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवायचा. जाळीचे नाजूक काम करणाऱ्या विणकरणींची ही जुनी युक्ती आहे. पुढे काही बिघडले तर उसवण त्या दोऱ्याशी येऊन थांबते. त्याखालचे काम सुरक्षित राहते. रोज संध्याकाळी पेढीवर रोकड जुळवल्याशिवाय कुलूप लागत नाही, त्यामागेही हेच शहाणपण आहे. फरक उशिरा सापडला म्हणून लहान होत नाही. तो शोधायच्या पानांची संख्या तेवढी वाढते.

निळा संपत आला तेव्हा तिच्या मनात एक शंका येऊन गेली. राखीचा पट्टा प्रशस्त झाला होता; निळा त्याच्या निम्माही नव्हता. पुढे जुळेल, असे म्हणून ती विणत राहिली. सहा आठवड्यांनी मोरपिशीही संपला तेव्हा तिने शाल पलंगावर पसरली आणि कण्यावर टेप धरली. राखी ३८ सेंटिमीटर, निळा १६, मोरपिशी १२. ती वाणिज्य शाखेची पदवीधर. कारण कळायला कागदाचा एक चिटोरा पुरला. त्रिकोणाची उंची दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होते. ओळी लांबत जातात तसा प्रत्येक सेंटिमीटर अधिकाधिक धागा खातो. निम्मा धागा संपतो तेव्हा शालीची ७१ टक्के उंची झालेली असते. उरलेल्या निम्म्यात जेमतेम २९ टक्के भर पडते. म्हणजे पुढचा जांभळा १० सेंटिमीटरांचा होणार होता आणि डाळिंबी ९. प्रत्येक रंग ४४ ग्रॅमच, पण पाठीवर दिसणार होता तो राखी.

शालीचे गणित जाणणाऱ्या बायका जगभर झाल्या आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर अंगठीतून आरपार जाईल इतकी तलम शाल विणतात. तिथे एकेक टाका मोजूनच पुढे जावे लागते. एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या विणकर्तीने गोल शालीसाठी एक सुटसुटीत नियम घालून दिला. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो. म्हणून टाके थोडे थोडे वाढवत बसण्याऐवजी प्रत्येक वेळी दुप्पट अंतर विणून झाल्यावर एकदम दुप्पट करावेत. विणणारीने छापील नमुन्यामागे आंधळेपणाने न जाता तो असा का आहे हे समजून घ्यावे, असा त्यांचा आग्रह असे. सांगलीतल्या या सुनेलाही नमुना तोंडपाठ होता. तो कसा वाढतो हे मात्र तिने पाहिले नव्हते.

तरीही शाल वाईट दिसत नव्हती. राखीचे मोठे आभाळ आणि खाली अरुंद होत गेलेले रंग. पाहणाऱ्याला तो मुद्दाम योजलेला नमुनाच वाटला असता. “आईला हेच बरं वाटेल,” असे ती सासूबाईंना म्हणाली. “रंग कमीच दिसेल.”

“विहीणबाईंना विचारलंस का?”

“त्यांचं सगळं तुम्हाला माहीत आहे ना, आई. आता त्या रंगाचं काही वापरत नाहीत.”

“ते मी पाहिलंय. तू विचारलंस का, एवढंच विचारते.”

विचारले नव्हते. दहा महिन्यांत कोणीच विचारले नव्हते. रात्री तिने बेळगावला फोन लावला आणि शालीची हकीकत सांगितली. राखी गळ्याशी आहे, डाळिंबी काठाला येईल. पलीकडे काही क्षण काहीच ऐकू आले नाही.

“एवढा राखी कशाला गं?”

“तुला चालेल असं वाटलं.”

“सगळ्यांना तसंच वाटतं.” आईचा स्वर तक्रारीचा नव्हता. थोड्या वेळाने ती म्हणाली, “डाळिंबी आहेच तर गळ्याशी घे. काठाकडे कोण बघतं?”

फोन ठेवल्यावर तिने सुई काढून घेतली आणि मधले दोरेही ओढून टाकले. या वेळी कुठेच थांबायचे नव्हते. बिनपिळाचा धागा उसवताना पदर एकमेकांत अडकतात, म्हणून घाई चालत नाही. ती एकेक ओळ सोडवत होती आणि सासूबाई खुर्चीच्या पाठीवर धागा गुंडाळत होत्या. या कामाला नजर लागत नव्हती. दोन रात्रींत सहा आठवड्यांचे काम लडींच्या रूपाने खुर्चीवर आले. लडी चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात भिजवल्या आणि सावलीत काठीवर वाळत घातल्या, तेव्हा वळ्या बऱ्याचशा सरळ झाल्या. मग त्यांचा पुन्हा गुंडा केला. वजन केले तर धागा जेवढा होता तेवढाच भरला. गेला होता तो वेळ, आणि तोही सगळा वाया गेला नव्हता. दुसऱ्यांदा विणताना कण्याकडे पाहावेही लागले नाही आणि काम चार आठवड्यांत उरकले.

शेवटी खरी कसोटी धाग्याच्या पुरवठ्याची होती. अखेरची ओळ ५४० टाक्यांची. टाके बंद करायला धागा कमी पडला तर सगळी मेहनत सुईवरच अडकून राहणार. इथे पेढीवरचा सोन्याचा काटा कामाला आला. एक ओळ विणण्यापूर्वी आणि विणल्यानंतर तिने गुंडा तोलला. ओळीला सुमारे १.६ ग्रॅम लागत होते. सैल हाताने टाके बंद करायला साधारण दोन ओळींचा धागा लागतो. गुंडा ८ ग्रॅमवर आला तेव्हा तिने आणखी दोनच ओळी विणल्या आणि बंद करायला घेतले. आणखी दोन ओळींचा मोह झाला होता. टाके बंद झाल्यावर हातात राखी रंगाचा दीड ग्रॅम धागा उरला.

शाल भिजवून, गादीवर ताणून, टाचण्या लावून वाळवली. तेव्हा मोरपिशी भागात एक टाका सुलटऐवजी उलट पडलेला दिसला. सासूबाईंचे बोट त्यावर आधीच पोचले होते.

“इथे एक आहे.”

“आहे. उसवू का?”

“राहू दे. त्याने काही कलत नाही.”

विणकामातला हा भेद सर्वांत उशिरा उमगतो. काही चुका जिथल्या तिथे राहतात. त्या शालीसोबत जुन्या होतात आणि कोणाच्या अंगाला टोचत नाहीत. काही चुका पुढच्या प्रत्येक ओळीला थोडे थोडे कलते करत जातात. त्या दिसताक्षणी मागे जावे लागते, मग चौदा ओळी असोत वा चारशे. आणि काही चुका शालीत नसतातच. टाके बरोबर असतात, मोजमाप बरोबर असते. फक्त ज्याच्यासाठी विणले त्याला काय हवे हे आपणच ठरवून टाकलेले असते. तशी चूक बोटाला लागत नाही. ती विचारल्याशिवाय सापडत नाही, आणि विचारायला लागणारा धीर उसवायला लागणाऱ्या धीराहून मोठा असतो.

पौषात बेळगावला थंडी चांगलीच पडते. त्याच महिन्यात आईच्या पुतण्याचा साखरपुडा झाला. वर्षभरात ती प्रथमच एखाद्या समारंभाला गेली आणि मागच्या रांगेत न बसता जावांमध्ये बसली. त्यांतल्या एकीने शालीचा पदर हातात घेऊन विचारले, हा रंग कोणी निवडला.

“मी,” आई म्हणाली.