२९२ आणि २९४

सायकलच्या कुठल्याही जुन्या दुकानात जाऊन तार मागून बघा. (पुस्तकात तिला आरा म्हणतात, दुकानात तार आणि आमच्या रविवारच्या टोळक्यात स्पोक. इथे जे तोंडात येईल ते लिहिणार आहे.) काउंटरमागून एकच प्रश्न येतो, "अठ्ठावीसची देऊ का सव्वीसची?" म्हणजे टायरचा साइझ. आपण म्हणायचं, "दोनशे चौऱ्याण्णव मिलिमीटर." मग समोरचा माणूस असा बघतो, जणू आपण किराणा दुकानात जाऊन साखरेचे दाणे मोजून मागितलेत.

दुसऱ्या टोकाला एसीवाली दुकानं. तिथे लाख-लाखाच्या सायकली भिंतीला टांगलेल्या असतात, कॉफीही मिळते. "एक स्पोक तुटलाय" म्हटलं की गोड आवाजात उत्तर येतं, "सर, नवीन व्हीलसेटच घ्या ना, हलका आहे." एका तारेपायी अख्खं चाक! म्हणजे शर्टाचं बटण तुटलं म्हणून नवा सूट शिवायचा.

या दोन दुकानांच्या मधे कुठेतरी आपण रोडबाइकवाले अडकलेलो आहोत. तार ही खरं तर सायकलमधली सगळ्यात स्वस्त वस्तू. पण ती वेळेला मिळाली नाही तर बाकीची सगळी महागडी सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं.

आधी थोडं शास्त्र. (कंटाळा येणाऱ्यांनी खाली साखरशेतपर्यंत उडी मारावी, राग नाही.)

सायकलचं चाक बघताना आपल्याला वाटतं की खालच्या तारा खांबासारख्या वजन पेलत असतील. पण दोन मिलिमीटर जाडीची तार खांब होऊच शकत नाही, दाबली की वाकते. चाक बांधतानाच सगळ्या तारा जोरदार ताणून ठेवलेल्या असतात. आपण सीटवर बसलो की जमिनीकडच्या काही तारांचा ताण तेवढ्यापुरता कमी होतो, चाक फिरलं की परत येतो. जॉब्स्ट ब्रँट या इंजिनिअरने १९८१ साली 'द बायसिकल व्हील' या पुस्तकात हे सगळं गणित करून दाखवलं आणि त्यानंतरही सायकलवाले यावर तासन्‌तास भांडत आले आहेत. असो. तारा तिरक्या, एकमेकींना छेद देत बांधायची पद्धत मात्र फार जुनी, जेम्स स्टार्लीने तिचं पेटंट १८७४ साली घेतलं. दीडशे वर्षं होऊन गेली, डिझाइन जवळपास तेच. आमच्या धंद्यात तीन वर्षांपूर्वीचा कोड कोणी ओळखत नाही!

आता हिशोब करा. रोडबाइकच्या चाकाचा एक फेरा म्हणजे साधारण २.१ मीटर. दहा हजार किलोमीटर झाले की चाक सुमारे ४७ लाख वेळा फिरलेलं असतं. म्हणजे प्रत्येक तार तितक्या वेळा सैल होऊन परत ताणली गेली. पत्र्याची पट्टी मागे-पुढे वाकवत राहिलं की ती तुटते, तसंच हे. म्हणून तार खड्ड्यात आपटून क्वचितच तुटते. ती तुटते हबपाशी, जिथे तिला कोपर असतं तिथे, आणि बऱ्याचदा अगदी सपाट रस्त्यावर, आपण शीळ घालत चाललेलो असताना.

माझी तुटली ती साखरशेतच्या जवळ.

नोव्हेंबरातला रविवार. मनोरपर्यंत गाडीत सायकली टाकून नेल्या होत्या, तिथून विक्रमगडमार्गे जव्हार. पाऊस संपून महिना-दीड महिना झालेला, भात कापून झालेलं, हवा अशी की घाटात दम लागला तरी तक्रार करवत नाही. जव्हारला मिसळ हाणली, मुकण्यांचा जयविलास राजवाडा बाहेरून बघितला आणि फिरत फिरत साखरशेतच्या बाजूला आलो. तिथे मागून आवाज आला, "टण्ण!" सतारीची तार तुटावी तसा. पुढच्या दहा सेकंदांत रिम ब्रेकच्या रबराला घासायला लागली. मागचं चाक, उजवीकडची तार, कॅसेटच्या मागची. म्हणजे सगळ्यात वाईट जागा. नवीन तार हबच्या भोकातून घालायला कॅसेट आडवी येते. ती काढायला वेगळा पाना, साखळीचा दांडा आणि वर एक मोठा पाना लागतो. एवढं दुकान पाठीवर घेऊन घाट कोण चढतो?

ब्रेक उघडा टाकला आणि चालत गावात आलो. एका टपरीबाहेर टायर टांगलेले होते. मोटरसायकलचेच जास्त, पण आतल्या खिळ्याला तारांची एक जुडी अडकवलेली दिसली. थोडी गंजलेली, पण तारांचीच. माझ्या जिवात जीव आला.

काकांचं वय साठीच्या पुढचं. समोर एक सायकल उलटी ठेवलेली, मुलीची. बाजूला तिचे वडील उकिडवे बसलेले. चाक इतकं आऊट की फिरवलं तर फ्रेमला ठेचकाळत होतं. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात, त्यामुळे अशा आडगावी तुम्हाला निम्म्या अंगणांत लेडीज सायकल दिसते. मी माझं चाक पुढे केलं. काकांनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, "बसा साहेब. आधी हिचं. उद्या शाळा आहे."

बसलो. आणि बरं झालं बसलो, कारण पुढची चाळीस मिनिटं मी जे बघितलं ते यूट्यूबवरच्या कुठल्याही व्हिडिओत बघितलेलं नाही. ना स्टँड, ना मीटर. सायकल उलटी, फ्रेमच्या दांडीवर अंगठा टेकवलेला आणि अंगठ्याचं नख रिमपासून केसभर लांब. चाक फिरवायचं, नखाला कुठे घासतं ते ऐकायचं, त्या जागी उजवीकडची तार अर्धा आटा सैल, डावीकडची अर्धा आटा घट्ट. चार तारा गायब होत्या, त्या जुडीतून ओढून घातल्या. आऊट काढून झाल्यावर त्यांनी तारांच्या जोड्या मुठीत धरून करकचून दाबल्या, चाकभर. ब्रँटसाहेबाने हेच लिहून ठेवलंय की असं दाबलं की कोपरं नीट बसतात आणि तार जास्त टिकते. काकांना कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "दाबलं नाही तर दोन दिवसांत पोरगी परत येते."

मग माझं चाक. जुडीतली तार लावून बघितली तर चांगली बोटाच्या पेराएवढी लांब. म्हटलं संपलं आता. काकांनी ती शेजारच्या तारेला लावून अंदाज घेतला, पकडीने टोपीकडचं टोक सरळ छाटून टाकलं (आटे दुसऱ्या टोकाला असतात, ते शाबूत) आणि छाटलेल्या टोकाला पकडीत धरून दोन वाकणं दिली, झोपलेल्या 'झेड'सारखी. तुटलेल्या तारेचा तुकडा सुईने ढकलून काढला. मग तो आकडा कॅसेट आणि हबच्या मधल्या फटीतून बाहेरच्या बाजूने भोकात अडकवला. कॅसेटला हातसुद्धा लावला नाही! आट्यांचा भरवसा नको म्हणून टायर-ट्यूब काढून निपलही त्यांचंच घातलं, मग नख लावून आऊट काढला. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की लांबच्या प्रवासाला जाणारे जगभरचे सायकलवाले नेमकी हीच युक्ती करतात. काकांनी माझ्याकडून चाळीस रुपये घेतले.

माझ्याबरोबरचा मित्र (नाव नको, तो हे वाचतो) एवढा वेळ गप्प होता. त्याच्या मागच्या चाकाला वीसच तारा, चपट्या, कोपर नसलेल्या सरळ, ठरावीक हबलाच बसणाऱ्या. काकांनी ते चाक फिरवून बघितलं, कौतुकही केलं. मग म्हणाले, "छान आहे. पण हे तुटलं तर माझ्याकडे आणू नका." बत्तीस तारांतली एक गेली तर उरलेल्या एकतीस कसंबसं सांभाळून घेतात. वीसांतली गेली की चाकाचं पापड होतं. फेब्रुवारीत त्याची एक तार तुटलीच, आणि ती परदेशातून मागवून येईपर्यंत पाच आठवडे सायकल गॅलरीत उभी होती. आमच्या शेजारच्या नाशकातले डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. तिथे मागे मदतीची गाडी असते, जादा चाकं असतात. असल्या ठिकाणी वीस तारांचं चाक शोभतं. आपल्यामागे कोण असतं? एसटी.

त्या आकड्याच्या जोरावर मनोरपर्यंत आलो, चाकाने कुरकुर केली नाही. पण आकडा तो आकडाच, कायम ठेवायचा नसतो. म्हणून मी नीट मापाच्या तारा शोधायला लागलो आणि इथे माझ्यातला इंजिनिअर खूश झाला.

तारेची लांबी चाकाच्या साइझवर ठरत नाही. ती ठरते चार-पाच मापांवर : रिमच्या आत निपल जिथे बसतं तिथला व्यास, हबच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या रेषेपासून हबची ती बाजू किती लांब, तारा किती आणि एक तार किती तारांना छेदते. बाकी शाळेतली त्रिकोणमिती. माझ्या रिमचा व्यास ६०२, हबच्या भोकांचा ४५, उजवी बाजू मध्यापासून १७ आणि डावी ३६ मिलिमीटर. ३२ तारा, तीन छेद, म्हणजे कोन साडेसदुसष्ट अंश. गणित करा, उत्तर येतं उजवीकडे २९२ आणि डावीकडे २९४. दहा ओळींचा प्रोग्रॅम आहे. (शेल्डन ब्राउन नावाच्या अवलियाने हे सगळं चाक बांधण्यासकट इंटरनेटवर फुकट लिहून ठेवलंय. तो २००८ साली गेला, पण त्याची पानं अजून आहेत.) मिलिमीटर-दोन मिलिमीटर चालतात. त्याहून आखूड घेतली तर निपलमध्ये आटे पुरत नाहीत, लांब घेतली तर टोक वर येऊन ट्यूबला टोचतं.

आकडे हातात आल्यावर गोष्टी सोप्या झाल्या. ऑनलाइन स्टेनलेस स्टीलच्या साध्या, कोपरवाल्या, दोन मिलिमीटरच्या तारा मिलिमीटरनुसार मिळाल्या. निपल पितळेचीच घेतली. अ‍ॅल्युमिनियमची चार ग्रॅम हलकी असतात म्हणे, पण आपल्या कोकणी हवेत ती दोन पावसाळ्यांत तारेला अशी चिकटतात की पाना फिरवला की निपलच गोल होतं. ताण जुळवता येत नसेल तर ते चाक सांभाळणार कसं?

आता दर महिन्याला एकदा चाकाजवळ बसतो. पाना नंतर, आधी कान. तारा नखाने छेडत जायचं, तंबोरा जुळवतात तसं. एका बाजूच्या सगळ्या तारा साधारण एका सुरात वाजल्या पाहिजेत. एखादी 'भद्द' वाजली की ती सैल, तिथेच उद्याचा आऊट. दोन बाजूंचा सूर मात्र एक नसतो आणि नसायलाच हवा. मागच्या चाकात डावी बाजू मध्यापासून लांब, म्हणून तिचा ताण उजवीच्या निम्म्याहून थोडा कमी. तारेचा सूर ताणाच्या वर्गमुळाच्या हिशोबात चढतो. गणित केलं तर डावीला सा धरल्यास उजवी पंचमाच्या जरा अलीकडे वाजते. बायकोला ऐकवलं. ती गाणं शिकलेली आहे. म्हणाली, "बेसूर आहे, पण प्रयत्न चांगला आहे." :)

२९२ च्या दोन आणि २९४ ची एक अशा तीन तारा आता सायकलच्या मागच्या दांडीला चिकटपट्टीने बांधून ठेवल्यात, आणि त्यांच्यासोबत डोकं छाटून आकडा केलेली एक. ती काकांच्या पद्धतीची.

साखरशेतला जानेवारीत परत गेलो. निघताना मागच्या वेळी काकांनी सहज विचारलं होतं की मुंबईकडे अठ्ठावीसच्या तारा मिळतात का, इथे आता कोणी आणत नाही, ज्याला त्याला मोटरसायकलच्या ट्यूबाच हव्यात. मुलगा बोईसरला कंपनीत लागलाय, टपरीवर बसणार नाही, हेही तेव्हाच बोलण्यात आलेलं. अठ्ठावीसच्या तारा मिळवायला मला एक फोन पुरला. एक ग्रोस घेऊन गेलो. त्यांनी पुडकं उघडून एक तार काढली, वाकवून बघितली, दाताखालीसुद्धा धरली, आणि पैसे मोजून दिले, नको म्हटलं तरी. ग्रोस म्हणजे १४४. आपल्या साध्या सायकलला मागे ४० आणि पुढे ३२, म्हणजे बहात्तर. मी म्हटलं, "काका, बरोबर दोन सायकलींच्या झाल्या."

"दोन कशाला?" ते म्हणाले. "कुणाच्या चार जातात, कुणाच्या पाच. वर्षभर पुरतील."