न फिटणारे ऋण

आमच्या वसईकडच्या घरांत लग्नकार्य आटोपले की आहेराची वही कपाटात जपून ठेवली जाते. वर्षे उलटतात, पण त्या घरी कार्य निघाले की वही उघडते, आकडा पाहिला जातो आणि तेवढाच किंवा थोडा अधिक आहेर पोहोचता होतो. या रीतीला नावे ठेवण्याचे कारण नाही. बेताच्या मिळकतीच्या शेतकरी आणि कोळी कुटुंबांना कार्याचा खर्च पेलला, त्यात या देवाणघेवाणीचा वाटा मोठा होता. केलेल्याची जाण ठेवणे हा सद्गुणच होय. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी कृतज्ञतेला न्यायाच्या जवळचे स्थान दिले; मात्र परतफेड करताना वस्तूच्या मोलापेक्षा देणाऱ्याच्या मनाकडे पाहावे, असेही त्यांनी सांगितले.

वहीत मन मावत नाही, आकडा तेवढा मावतो. म्हणूनच तो आकडा झेपणार नाही या संकोचाने एखादी विधवा आमंत्रण येऊनही घरीच राहते. परुश्याच्या घरी जेवावयास बसलेल्या प्रभू येशूने यजमानाला नेमके हेच सुनावले, असे संत लूक सांगतात. आप्तांना आणि धनवान शेजाऱ्यांना बोलावशील तर तेही तुला बोलावतील आणि तुझी फेड तिथेच होईल. त्यापेक्षा गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव. परत देण्यास त्यांच्यापाशी काही नाही, यातच तुझी धन्यता आहे.

हीच वही आम्ही कधीकधी देवासमोरही उघडतो. सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळे, घरे विकावयास असतात. दुखरा पाय बरा झाला म्हणून कोणी मेणाचा पाय अर्पण करतो. त्याच्या भाबड्या भक्तीला हसू नये. पण तो पाय म्हणजे किंमत नव्हे, ती कृतज्ञतेची खूण. किंमत समजलो, तर ज्या आईचे आजारी बाळ नवस करूनही वाचले नाही, तिने काय समजावे? तिचा नवस कमी पडला? ती माउली पुढच्या वर्षीही पायऱ्या चढते, मेणबत्ती लावते, गुडघे टेकते. तिची मेणबत्ती कोणत्याच हिशेबात बसत नाही. भक्ती म्हणतात ती हीच, असे आम्हांस वाटते.

परमेश्वराच्या उपकारांची फेड कशी करू, असा प्रश्न एकशे सोळाव्या स्तोत्रात भक्त करतो. त्याचे उत्तर विलक्षण आहे: तो तारणाचा प्याला हाती घेतो. फेडू पाहणारा पुन्हा स्वीकारतोच! मिस्सेला ग्रीक भाषेतून मिळालेल्या नावाचा अर्थही आभार मानणे असाच आहे. वेदीवर आपण भाकर आणि द्राक्षारस नेतो; तेही मुळात त्याचेच दान.

मग आपल्या हाती उरते काय? संत मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूने आपला पत्ता देऊन ठेवला आहे: भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी, बंदिवान. ज्या शिक्षकांनी आम्हांला अक्षरओळख करून दिली, त्यांतील कित्येक आज हयात नाहीत. त्यांचे देणे त्यांच्या दारी नेऊन देता येत नाही. एखाद्या गरीब मुलाची फी भरून ते पुढे मात्र नेता येते. त्या मुलाकडून आभाराचीही अपेक्षा नसावी. उद्या तोही कोणाला तरी देईलच.