विहाराच्या फाटकाची कमान

मराठवाड्यातल्या आपल्या बहुतेक वस्त्यांत आता विहार उभे आहे. कुठे पत्र्याचे, कुठे स्लॅबचे. पण वर्गणी कळसापर्यंत पोचता पोचता संपते, आणि आवाराची भिंत व फाटक तेवढे राहून जाते. जिंतूरच्या आमच्या वस्तीतही तसेच झाले. भिंत कशीबशी झाली. फाटकाच्या जागी बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकलेली. आवारात लावलेले बोधिवृक्षाचे रोप शेळ्यांनी दोनदा खाल्ले. तेव्हा आमच्या महिला मंडळाने ठरवले, आधी फाटक आणि मग रोप.

शहरातल्या एका दुकानात भाव काढला. दुकानदाराने मोबाईलवर सुंदर सुंदर फाटके दाखवली, यंत्राने कापलेल्या नक्षीची. किंमत २८ हजार. मंडळाकडे जमले होते ११ हजार. माझे धाकटे दीर पुण्याला इमारतींच्या कामावर सळया वाकवतात, बांधतात. ते सुट्टीत आले होते. म्हणाले, "वयनी, लोखंड आपून आणू. कमान मी वाकवतो. त्यात काय एवढं?"

अडचण लोखंडाची नव्हती, घरातच होती. आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, वय ८० च्या पुढे. त्यांनी ऐकले आणि म्हणाले, "फाटक कामून लागतंय? कोणाला भाएर ठेवायचंय?"

मामांचे वडील गावी येसकर होते. आजच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. गावाच्या वेशीची राखण ज्याच्याकडे असे तो येसकर. दिवेलागणीला वेशीचे दार लावायचे, रात्रभर घुंगराची काठी घेऊन जागायचे, पहाटे दार उघडायचे आणि त्याबद्दल घरोघर फिरून भाकरी मागायची. ज्या दाराची राखण त्यांनी जन्मभर केली त्या दाराच्या आत त्यांना घर नव्हते. पूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाच्या बिलात याच गुलामीवर बोट ठेवले होते. पण जिंतूर तेव्हा निजामाच्या राज्यात. मुंबईचा कायदा इथपर्यंत कुठला पोचायला? मामा लहानपणी वडिलांबरोबर त्या वेशीत झोपलेले आहेत. दार म्हटले की त्यांना ते दार आठवते. त्यांच्या बोलण्याला उत्तर द्यायला कोणाला जमेना. शेवटी शेळ्यांचा विषय काढून आम्ही वेळ मारून नेली, आणि भावजींनी कामाला हात घातला.

साधे चौकटीचे फाटक केले असते तर दोन दिवसांत झाले असते. कमान का? तर भावजी सुट्टीच्या दिवशी कार्ल्याची लेणी पाहून आले होते. तिथल्या चैत्यगृहाच्या दगडी छताला आतून लाकडाच्या वाकवलेल्या फासळ्या लावलेल्या आहेत, आणि त्या दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या आहेत. छताला त्यांचा काही आधार नाही. छत तर डोंगराचेच आहे. पण ज्यांनी लेणे कोरले त्यांच्या डोळ्यांपुढे लाकडी सभागृहे होती, म्हणून दगडातही त्यांनी लाकूड बसवले. वेरूळचे दहाव्या क्रमांकाचे लेणे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तिथे त्या फासळ्या दगडातच कोरल्या आहेत, आणि म्हणून लोक त्याला सुताराचे झोपडे म्हणतात. अजिंठ्याच्या १९ व्या लेण्याच्या दर्शनी भागावर जी घोड्याच्या नालेसारखी मोठी खिडकी आहे, तीही हीच कमान. वर टोक असलेली, पिंपळाच्या पानासारखी. आपल्या पूर्वजांची ही खूण आपल्या विहाराच्या दाराला असावी, एवढाच विचार. दुकानातल्या फाटकांवर मोर होते, हत्ती होते, पिंपळपान नव्हते.

आता कामाचे सांगते, कारण दुसऱ्या वस्तीतल्या कोणाला उपयोग होईल.

फाटकाची रुंदी सहा फूट. म्हणजे बाहेरची कमान तीन फूट त्रिज्येची अर्धगोल. तिच्या आत सहा-सहा इंच सोडून आणखी दोन. शाळेतले गणित इथे कामाला येते: बाहेरच्या कमानीला ११३ इंच सळई लागते, मधलीला ९४, आतलीला साडेपंचाहत्तर. दर कमानीमागे सुमारे १९ इंचांचा फरक. शिवाय दोन्ही टोकांना वीतभर सळई जास्त ठेवावी लागते, कारण टोक पकडीत असल्याने वळत नाही. ते मागून कापून टाकायचे. १२ मिलिमीटरची चौकोनी सळई सहा मीटर लांब मिळते, वजन साधारण सात किलो. एका सळईतून सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान कमान निघते, दुसरीतून मधली.

विहाराच्या स्लॅबची पिळाची सळई उरली होती. तीच वापरा, असा काहींचा आग्रह. भावजींनी ऐकले नाही. ती सळई काँक्रीटला धरून राहावी म्हणून बनवलेली. तिची वरची साल कडक, वाकवली की जास्त उसळते, आणि तिच्या खाचांत पाणी राहून गंज धरतो. फुकटचे ते सगळेच स्वस्त पडते असे नाही.

साचा म्हणून एका शेतकऱ्याकडून बैलगाडीचे जुने चाक मागून आणले. लोखंडी धाव अजून शाबूत होती. व्यास चार फूट आठ इंच. मी म्हटले, "भावजी, आपल्याला सहा फुटांची कमान पाहिजे, हे चाक तर लहान आहे." ते हसले. थंड सळई वाकवून सोडली की ती मागे उघडते, आणि कमान जेवढी मोठी तेवढी जास्त उघडते. म्हणून साचा मुद्दाम लहान घ्यायचा. मोठ्या कमानीला त्रिज्येत सुमारे आठ इंच कमी, मधलीला सहा, लहानीला चार. लहान दोन कमानींसाठी आवारातच दोरीने गोल आखून लोखंडी खुंट्या ठोकल्या.

चाक जमिनीवर आडवे ठेवले. आऱ्यांमधून तीन पहारी ठोकून ते पक्के केले. सळईचे एक टोक धावेला जखडले, दुसऱ्या टोकावर पाण्याचा जुना लोखंडी पाइप चढवला, म्हणजे लांबी वाढून जोर कमी लागतो. मग पाइप धरून चाकाभोवती चालत जायचे, हळूहळू, वीत वीत. एका झटक्यात ओढले तर एकाच जागी कोपरा पडतो, आणि तो पुन्हा सरळ होत नाही. मंडळाच्या सहा जणी पाळीपाळीने पाइपला लागलो. शेतात निंदायला जाणारे हात आमचे, त्यांना लोखंड काही परके वाटले नाही. प्रत्येक कमान विहाराच्या ओट्यावर खडूने काढलेल्या आकृतीवर ठेवून पाहायची. कुठे उणे असेल तिथे पुन्हा चाकावर. मामा दुरून बघत होते. तरुणपणी ते येलदरीच्या धरणाच्या कामावर टोपली उचलायला होते. दुसऱ्या दिवशी खुर्ची जवळ आणून बसले आणि म्हणाले, "दोन कमानी येगळ्या येगळ्या करू नका. आख्खी वाकवा, मंग मधून कापा. दोन्ही झडपा सारख्या येतेन." भावजींच्या मनातही तेच होते, पण त्यांनी "बरं झालं सांगितलं दादा" असे म्हटले.

राहिला पिंपळपानाचा शेंडा. ते थंड लोखंडाचे काम नव्हे. रस्त्याच्या कडेला घिसाडी कुटुंबाचे बिऱ्हाड उतरले होते. विळे, कुऱ्हाडी शेवटून देतात ते. त्यांना बोलावले. नवरा सांडशीने लालभडक लोखंड ऐरणीवर धरी, बायको घण घाली. केवढा नेम! चार-पाच तापांत पानाचे टोक निघाले, खालून रुंद आणि वर सुईसारखे. आम्ही हातभट्टीचा भाता हलवत बसलो. भन्तेजींनी वर्षावासात सांगितलेली गोष्ट मला आठवली. तथागतांनी शेवटचे भोजन घेतले ते पावा नगरीच्या चुंदाकडे, आणि चुंद लोहाराचा मुलगा होता. त्या भोजनाबद्दल चुंदाला कोणी बोल लावू नये, असे भगवंतांनी आनंदाला बजावून ठेवले होते. मी ती गोष्ट त्या बाईला सांगितली. तिने घण खाली ठेवून ऐकली, पण काही बोलली नाही.

जेवणाची वेळ झाली तेव्हा आम्ही विहारात पाने मांडली. ती दोघे भिंतीबाहेर उभी. तिने विचारले, "बाई, आत येऊ का? का हितंच बसू?"

मामा खुर्चीतून उठले. त्यांनी स्वतः ती बाभळीची फांदी ओढून बाजूला फेकली. जेवताना त्या माणसाला शेजारी बसवून घेतले आणि गावाकडच्या वेशीची सगळी हकिगत सांगितली, जी आम्ही घरच्यांनीही इतकी सविस्तर ऐकली नव्हती. हात धुतल्यावर भावजींना म्हणाले, "फाटक लाव. पर कडी अशी लाव की भाएरून बी उघडंल. कुलुपाला जागा ठिवू नको."

काहींना हे पटले नाही. विहारात पंखा आहे, दानपेटी आहे, माईक आहे. चोरी झाली तर कोण भरून देणार? हा प्रश्न खोटा नाही. बैठकीत दोन तास वाद झाला. शेवटी ठरले की कुलूप विहाराच्या खोलीला, फाटकाला नाही. भावजींनी कडी मधल्या दोन गजांमध्ये अशी बसवली की आतून-बाहेरून दोन्हीकडून हात जातो, फक्त शेळीला ती उचलता येत नाही.

जोडकाम वस्तीतल्याच आयटीआय झालेल्या मुलाने करून दिले. त्याने फक्त वेल्डिंगच्या कांड्यांचे पैसे घेतले. अजिंठ्यासारखी कमानीची खालची टोके आत वळवायची इच्छा होती, ती सोडून द्यावी लागली, कारण चौकटीत ती बसत नव्हती. शेंडा उजव्या झडपेवर जोडला, डावी झडप त्याच्या खाली सरकते. आधी लाल ऑक्साइडचा एक हात, मग निळा रंग. घिसाड्यांची मजुरी, लोखंड, कांड्या, बिजागऱ्या आणि रंग मिळून ९ हजार ४०० रुपये झाले. हिशेब फळ्यावर लिहून ठेवला आहे.

१४ ऑक्टोबरला तिसरे रोप लावले. मामांनी पाणी घातले. गजांमध्ये चार चार इंचांचे अंतर ठेवले आहे, तरी शेजारचे एक करडू अजून फाटकाखालून शिरते. खाली एक आडवी पट्टी जोडायची आहे. भावजी दिवाळीला आले की करू. तोवर रोपाभोवती मामांनी बाभळीची तीच फांदी रोवली आहे.