निजलेली चाचणी

जें यंत्र चुकतें त्याच्यावर रागावतां तरी येतें. जें नुसतें गप्प बसतें त्याचें काय करावें? गेल्या पावसाळ्यांत नाशिकच्या घरीं मी रिस्क-फाइव्ह जातीच्या एका संगणकावर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या चाचण्या चालवीत होतों. दोघांचेंहि माहेर बर्कले विद्यापीठ. एकाचा जन्म १९८६ चा, दुसऱ्याचा २०१० चा. त्यावर द्राक्षबागाईतदारांचे हिशेब ठेवावयाचे होते, म्हणजे काम अडलें तर कोणाचे तरी पैसे अडणार.

इंटेलच्या यंत्रावर सारें सुरळीत होई. येथें मात्र एक चाचणी मध्येंच थांबे. चूक नाहीं, तक्रार नाहीं, प्रोसेसरला श्रमहि नाहींत! म्हणजे ती कोणाच्या तरी हाकेची वाट पाहत निजली होती. आणि मौज ही कीं, तपासणीसाठीं स्ट्रेस हें साधन जोडावें तों ती खडबडून जागी होऊन काम संपवी. वैद्य दारांत येतांच ताप उतरावा, तसें! पण निदान त्यांतच होतें: निरोप केव्हांच येऊन पडला होता, पुन्हां पाहण्यास निमित्त तेवढें हवें होतें.

इंटेलचा एक गाभा ज्या क्रमानें लिहितो त्याच क्रमानें तें दुसऱ्यास दिसतें. रिस्क-फाइव्ह असें वचन देत नाहीं. पोस्टमनची घंटा ऐकून दार उघडावें तों पेटी रिकामी. आपण निजावें, मग पत्र पडावें. दोष पोस्टग्रेसचा नव्हे, तर त्यास एका कंपनीनें जोडलेल्या भागाचा होता. तो लिहिणारा जन्मभर इंटेलच्याच घरीं जेवला असावा. पत्र व घंटा यांमध्यें लिहितांना आणि वाचतांनाहि अडसर घालावा लागतो; पोस्टग्रेसमध्यें त्याची सोय आहे. त्या दोन ओळी घालून मीं ती चाचणी रात्रभर चालविली. सकाळपर्यंत ती एकदांहि निजली नाहीं.